कुलूप लावलंत, पण ओढून पाहिलंत का? व्हीपीएन चालतंय की नुसतं चालू दिसतंय



रात्री दुकान बंद करताना तुम्ही काय करता? शटर खाली ओढता, कुलूप लावता, किल्ली काढून खिशात टाकता. आणि निघण्याआधी कुलूप एकदा हाताने ओढून बघता. बरोबर ना? ही सवय आपल्याला कुणी शिकवलेली नाही. गल्ल्यातला पैसा आपला असतो म्हणून हात आपोआप तिकडे जातो.

व्हीपीएनच्या बाबतीत मात्र हा हात जात नाही. स्क्रीनवर हिरवी खूण आली, 'कनेक्टेड' असं दिसलं, की आपण निर्धास्त. चॅनेलवर व्हीपीएनचा विषय निघाला की मला बहुतेक एकच प्रश्न येतो, "सर, कोणतं घेऊ?" घेतलेलं नीट चालतंय का, हे विचारणारे फार थोडे.

माझं मत पहिल्यांदाच स्पष्ट सांगतो. व्हीपीएन चालू केल्यावर काय उघडतं, एवढं बघणं म्हणजे तपासणी नव्हे. व्हीपीएन बंद केल्यावर काय बंद राहतं, ते बघा. तिथेच कळतं की तुमच्या कुलपात दम आहे की ते शोभेला लटकवलंय. आजचा सगळा लेख या एका मुद्द्यावर आहे. तपासायचं कसं आणि बिघडलं तर दुरुस्त कसं करायचं, दोन्ही सांगतो.

## आधी हे ठरवा: तुमचं व्हीपीएन कोणत्या जातीचं?

व्हीपीएन म्हणजे एक बोगदा. तुमच्या मोबाईल किंवा लॅपटॉपपासून निघतो आणि कुठल्यातरी सर्व्हरवर जाऊन उघडतो. बोगद्यातून जाणारी माहिती सांकेतिक केलेली असते, त्यामुळे मधल्या माणसाला ती वाचता येत नाही. प्रश्न एवढाच की बोगद्याचं दुसरं टोक कुठे उघडतं.

पहिली जात: टोक तुमच्याच ऑफिसात उघडतं. तुम्ही घरी किंवा गावाला आहात आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवरची टॅली बघायची आहे, बिलिंगच्या फाइली काढायच्या आहेत, सीसीटीव्हीचा डीव्हीआर बघायचा आहे. त्यासाठी ऑफिसच्या राउटरवर किंवा एखाद्या कॉम्प्युटरवर व्हीपीएन बसवलेलं असतं.

दुसरी जात: टोक एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर उघडतं. मोबाईलवर ॲप डाउनलोड करतो, देश निवडतो, बटण दाबतो, ते हे. हॉटेलच्या वायफायवर काम करताना किंवा परदेशात फिरताना लोक हे वापरतात.

दोघांचं नाव एक असलं तरी तपासणी वेगळी आहे. यूट्यूबवर "व्हीपीएन कसं तपासायचं" असे जे व्हिडिओ मिळतात, त्यातले बहुतेक दुसऱ्या जातीबद्दल असतात. पण छोट्या उद्योजकाचा खरा पैसा आणि खरा धोका पहिल्या जातीत आहे. म्हणून सुरुवात तिथून.

## ऑफिसचं व्हीपीएन: दार ढकलून बघा

आपल्याकडे नेहमी काय होतं ते बघा. मालकाला घरून टॅली बघायची असते. तो कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला सांगतो, "भाऊ, काहीतरी जुगाड कर." भाऊ राउटरमध्ये जाऊन विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट, म्हणजे ३३८९ नंबरचं दार, थेट इंटरनेटवर उघडून देतो. काम होतं, मालक खूश. वर्षभराने कुणीतरी सांगतं की हे धोक्याचं आहे, मग व्हीपीएनही बसवलं जातं. पण जुनं दार बंद करायचं राहून जातं. पुढच्या दाराला नवं भारी कुलूप आणि मागचं दार सताड उघडं, अशी गत.

हे उघडं दार किती महागात पडू शकतं? इंटरनेटवर असे उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम दिवसरात्र फिरत असतात. त्यांना तुमचं दुकान छोटं की मोठं याच्याशी देणंघेणं नसतं. २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्ये 'ब्लूकीप' नावाची त्रुटी सापडली. ती एवढी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टने ज्याचा सपोर्ट केव्हाच बंद केला होता त्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. शिवाय त्रुटी नसली तरी 'अॅडमिन' आणि '१२३४५' असा पासवर्ड ओळखायला कितीसा वेळ लागतो? आत शिरलेला माणूस तुमचा सगळा डेटा कुलूपबंद करून खंडणी मागतो. टॅलीचा बॅकअप त्याच कॉम्प्युटरवर असेल तर तोही जातो. उधारीची वही एका रात्रीत कोरी.

तर ही तपासणी आजच करा. दहा मिनिटांचं काम आहे.

१. ऑफिसात असताना ऑफिसच्या वायफायवरून गुगलवर 'व्हॉट इज माय आयपी' शोधा. जो नंबर दिसेल तो लिहून घ्या. हा तुमच्या ऑफिसचा बाहेरचा पत्ता.

२. आता मोबाईलचं वायफाय बंद करा, मोबाईल डेटा चालू करा. व्हीपीएन बंद ठेवा. ऑफिसच्या वायफायवर राहून ही तपासणी करू नका, चुकीचं उत्तर येऊ शकतं.

३. रिमोट डेस्कटॉपच्या ॲपमध्ये तो नंबर टाकून जोडायचा प्रयत्न करा. काहीच उघडलं नाही तर उत्तम. पण पासवर्ड विचारणारी खिडकी आली, तर दार उघडं आहे. पासवर्ड बरोबर की चूक हा प्रश्नच नाही. अनोळखी माणूस तुमच्या दारापर्यंत येऊन बेल वाजवू शकतो, एवढं पुरेसं आहे.

४. तोच नंबर मोबाईलच्या ब्राउझरमध्ये टाका. राउटरचं किंवा डीव्हीआरचं लॉगिन पान उघडलं तर तेही दार उघडं आहे.

५. आता व्हीपीएन चालू करा आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरचा आतला पत्ता, म्हणजे साधारण १९२.१६८ ने सुरू होणारा नंबर, टाकून जोडा. इथे मात्र उघडलं पाहिजे.

व्हीपीएन बंद असताना दार बंद आणि चालू असताना उघडं, तर तुमचं व्हीपीएन खरं. दोन्ही वेळा उघडं असेल तर व्हीपीएनवर घातलेले पैसे वाया गेलेत. राउटरमधल्या 'पोर्ट फॉरवर्डिंग'च्या यादीतल्या जुन्या नोंदी काढून टाकायला सांगा. कुणी म्हणेल, "सर, ३३८९ च्या जागी दुसरा नंबर टाकून देतो." नको म्हणा. दाराचा रंग बदलल्याने दार बंद होत नाही.

एक सूचना. ऑफिसच्या व्हीपीएनमध्ये बऱ्याचदा फक्त ऑफिसचं काम बोगद्यातून जातं आणि बाकीचं इंटरनेट नेहमीच्या वाटेने. अशा वेळी व्हीपीएन चालू करूनही 'व्हॉट इज माय आयपी'वर घरचाच नंबर दिसेल. तो बिघाड नाही, मांडणीच तशी आहे. हे माहीत नसलं की लोक चांगलं चाललेलं व्हीपीएन बिघडवून ठेवतात.

## गेलेल्या माणसाची किल्ली

व्हीपीएन नीट चालतंय याचा आणखी एक अर्थ आहे आणि तो कुठल्याही ॲपवर दिसत नाही. नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटचं व्हीपीएन आजही जोडलं जातंय का?

दुकानाची किल्ली आपण माणूस जाताना परत मागून घेतो. व्हीपीएनची किल्ली मागायचं सुचत नाही, कारण ती डोळ्याला दिसत नाही. त्यातून चार जणांमध्ये एकच लॉगिन वापरायची पद्धत असेल तर विषयच संपला. एकाचं बंद करायचं तर सगळ्यांचं बदलावं लागतं, म्हणून कुणाचंच बदलत नाही.

तेव्हा दोन नियम करा. एक, प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक मोबाईलला वेगळं लॉगिन. दोन, माणूस गेला त्याच दिवशी त्याचं लॉगिन बंद, आणि बंद केल्यावर त्याच लॉगिनने जोडून बघा. जोडलं गेलं नाही पाहिजे. गेलेला माणूस वाईट असतो असं मी म्हणत नाही. पण त्याचा मोबाईल उद्या चोरीला गेला तर चोराच्या हातात तुमच्या ऑफिसची किल्ली असेल.

## ॲपवालं व्हीपीएन: चार तपासण्या

आता दुसरी जात. इथे ॲप सांगतं 'कनेक्टेड'. ठीक आहे, पण ते ॲपचं स्वतःबद्दलचं मत झालं. आपण बाहेरून बघू.

गंमत बघा, वायरगार्ड हे आज सगळ्यात वेगवान समजल्या जाणाऱ्या तंत्रांपैकी एक. त्याच्या मूळ ॲपमध्ये तुम्ही बटण सरकवलं की ते लगेच चालू दिसतं, समोरच्या सर्व्हरने उत्तर दिलेलं नसलं तरी. खरं काय ते बघायचं तर आत जाऊन 'लेटेस्ट हँडशेक' किती वेळापूर्वी झाला आणि किती डेटा आला, ते वाचावं लागतं. आलेला डेटा शून्य असेल तर चालू दिसणाऱ्या बटणाला काही अर्थ नाही.

तपासणी पहिली, पत्ता बदलला का? व्हीपीएन बंद ठेवून 'आयपीलीक डॉट नेट' हे पान उघडा. स्क्रीनशॉट घ्या. मग व्हीपीएन चालू करा, पान नव्याने उघडा, पुन्हा स्क्रीनशॉट. दोन्ही चित्रांत पत्ता आणि कंपनीचं नाव वेगळं दिसलं पाहिजे. तेच दिसत असेल तर काहीच झालेलं नाही.

तपासणी दुसरी, डीएनएस गळतंय का? डीएनएस म्हणजे इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरी. तुम्ही वेबसाइटचं नाव टाकता, ते तिचा नंबर शोधून देतं. कधीकधी बाकी सगळं बोगद्यातून जातं आणि डिरेक्टरीची विचारणा मात्र बाहेरून जाते. म्हणजे तुम्ही कोणत्या साइटवर जाताय हे तुमच्या इंटरनेट कंपनीला कळतंच. 'डीएनएसलीकटेस्ट डॉट कॉम'वर जाऊन मोठी तपासणी चालवा. यादीत तुमच्या ब्रॉडबँड किंवा सिम कंपनीचं नाव आलं तर गळती आहे. गुगल किंवा क्लाउडफ्लेअर दिसलं तर घाबरण्याआधी मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' तुम्हीच तसं ठेवलंय का ते बघा.

तपासणी तिसरी, आयपीव्ही६ सुटलंय का? इंटरनेटवर दोन प्रकारचे पत्ते चालतात, जुने आयपीव्ही४ आणि नवे आयपीव्ही६. आपल्याकडे मोबाईल नेटवर नवे पत्ते भरपूर वापरले जातात, जिओवर तर विशेष. काही व्हीपीएन जुना पत्ता झाकतात आणि नवा तसाच उघडा सोडतात. धोतर नेसलं पण मागून सुटलेलं. आयपीलीकच्या पानावर आयपीव्ही६ च्या जागी तुमच्याच सिम कंपनीचा लांबलचक पत्ता दिसत असेल तर हा घोटाळा आहे. त्याच पानावर 'वेबआरटीसी' असाही भाग असतो, तो ब्राउझरमधल्या व्हिडिओ कॉलच्या सोयीतून होणारी गळती दाखवतो. तिथेही तुमचा खरा पत्ता दिसता कामा नये.

तपासणी चौथी, बोगदा कोसळला तर? माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची आणि हीच कुणी करत नाही. लिफ्टमध्ये गेलात, वायफायवरून डेटावर आलात, व्हीपीएन क्षणभर तुटलं. त्या क्षणी इंटरनेट थांबलं पाहिजे. या सोयीला 'किल स्विच' म्हणतात. अँड्रॉइडमध्ये सेटिंग, नेटवर्क, व्हीपीएन असं जाऊन ॲपशेजारच्या चक्रावर टॅप करा. तिथे 'ऑलवेज-ऑन व्हीपीएन' आणि 'व्हीपीएनशिवायची जोडणी रोखा' अशी दोन बटणं असतात. मोबाईलच्या कंपनीप्रमाणे शब्द थोडे बदलतील. दोन्ही चालू करा. मग व्हीपीएनचं ॲप 'फोर्स स्टॉप' करा आणि एखादं नवं पान उघडून बघा. उघडलं नाही तर कुलूप पक्कं.

आणखी एक गोष्ट. क्रोममध्ये बसवलेलं व्हीपीएनचं एक्स्टेन्शन फक्त त्या ब्राउझरपुरतं काम करतं. कॉम्प्युटरवरचं व्हॉट्सॲप, टॅली, ईमेलचं सॉफ्टवेअर त्याच्या बाहेरून जातं. "मी व्हीपीएन लावलंय" म्हणण्याआधी कशावर लावलंय ते बघा.

## बिघडलंय? या क्रमाने जा

बिघाड आला की लोक सगळ्या सेटिंग एकदम बदलतात. मग काय केल्याने सुरू झालं तेही कळत नाही आणि काय केल्याने बंद पडलं तेही नाही. एका वेळी एकच बदल करा, आणि प्रत्येक बदलानंतर तपासा.

जोडलंच जात नाही. आधी व्हीपीएन बंद करून साधं इंटरनेट चालतंय का बघा. हॉटेल किंवा रेल्वे स्टेशनच्या वायफायवर आधी त्यांच्या पानावर लॉगिन करावं लागतं, ते झाल्याशिवाय व्हीपीएन जोडलं जात नाही. मग मोबाईलची तारीख-वेळ बरोबर आहे का, वर्गणी संपली नाही ना, एकाच वेळी दोन व्हीपीएन चालू नाहीत ना, ते बघा. ॲप अपडेट करा, दुसरा सर्व्हर निवडा. तरी नाही झालं तर सेटिंगमध्ये 'प्रोटोकॉल' बदला. ओपनव्हीपीएनचा 'टीसीपी' पर्याय ४४३ नंबरच्या पोर्टवर लावला तर बऱ्याच ठिकाणी जमतं, कारण सुरक्षित वेबसाइटसुद्धा त्याच पोर्टवरून चालतात आणि तो सहसा कुणी अडवत नाही. 'पीपीटीपी' नावाचा पर्याय दिसला तर हात लावू नका. तो इतका जुना आणि कच्चा आहे की ॲपलने २०१६ मध्येच आयफोनमधून काढून टाकला.

मोबाईलवर सारखं तुटतं. बहुतेकदा दोष बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगचा असतो. मोबाईल मागच्या मागे ॲप झोपवून टाकतो. त्या ॲपला बॅटरीच्या बंधनातून वगळा.

जोडलं जातं, पण ऑफिसचा कॉम्प्युटर सापडत नाही. हा बिघाड ओळखून ठेवा. घरचा राउटरही १९२.१६८.१ वर आणि ऑफिसचाही १९२.१६८.१ वर. दोन गल्ल्यांना एकच नाव दिलं तर पोस्टमन कुठे जाणार? तो घरच्याच गल्लीत फिरत राहतो. उपाय सोपा आहे. ऑफिसच्या राउटरची मालिका बदलून १९२.१६८.५७ सारखी वेगळी करून घ्या. ऑफिसातल्या प्रिंटरला आणि डीव्हीआरला नवे पत्ते द्यावे लागतील, म्हणून सुट्टीच्या दिवशी करा.

काल चालत होतं, आज ऑफिसच सापडत नाही. साध्या ब्रॉडबँडवर बाहेरचा पत्ता अधूनमधून बदलतो. इंटरनेटवाल्याकडून स्टॅटिक आयपी घ्या किंवा राउटरमध्ये 'डायनॅमिक डीएनएस' लावा. पण आधी एक बघा. राउटरच्या पानावर 'वॅन आयपी' म्हणून जो नंबर आहे तो आणि गुगलवर दिसणारा नंबर एकच आहे का? राउटरमधला नंबर १०० ने सुरू होत असेल आणि त्यापुढचा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलाय. तिथे डायनॅमिक डीएनएसने काही होणार नाही. स्टॅटिक आयपी मागा, नाहीतर टेलस्केलसारखी सेवा वापरा, ती अशा जोडणीतूनही वाट काढते.

खूप हळू चालतं. ऑफिसच्या लाइनचा 'अपलोड'चा वेग बघा. तुम्ही घरी बसून जे बघता ते ऑफिसातून अपलोड होत असतं. सीसीटीव्ही त्याच लाइनवर असेल तर रांग लागणारच. ॲपवालं व्हीपीएन असेल तर जवळच्या देशातला सर्व्हर निवडा.

गळती सापडली. ॲपमध्ये डीएनएस आणि आयपीव्ही६ गळती रोखायची सोय चालू करा, मोबाईल रीस्टार्ट करा, पुन्हा तपासा. सोयच नसेल किंवा चालू करूनही गळत असेल, तर ॲप काढून टाका. फुटक्या माठाला किती ठिगळं लावणार?

बँकेचं ॲप, यूपीआय किंवा सरकारी पोर्टल अडतं. इथे भांडत बसू नका. परदेशातला पत्ता दिसला की बँकेला संशय येणं साहजिक आहे. काही सरकारी पोर्टल तर भारताबाहेरून उघडतच नाहीत. बँकेचं ॲप स्वतःच सांकेतिक जोडणी वापरतं, तेवढ्या वेळेपुरतं व्हीपीएन बंद करा आणि स्वतःच्या मोबाईल डेटावर व्यवहार करा. रोजची कटकट नको असेल तर 'स्प्लिट टनेलिंग' नावाच्या सेटिंगमध्ये बँकेची ॲप वगळून ठेवा. जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी पोर्टल उघडत नाही म्हणून सीएला फोन करण्याआधी व्हीपीएन चालू राहिलंय का, ते आधी बघा.

## फुकटच्या ॲपबद्दल माझं मत

धंद्याच्या मोबाईलवर अनोळखी फुकट व्हीपीएन ठेवू नका. आपण धंदेवाले आहोत, आपल्याला हिशेब कळतो. सर्व्हरचं भाडं, बँडविड्थ, माणसं, हा खर्च कुणीतरी करतंय. तुमच्याकडून घेत नसेल तर तुमच्यावरून घेत असेल.

२०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाची सरकारी संशोधन संस्था सीएसआयआरओ आणि तिच्यासोबतच्या संशोधकांनी अँड्रॉइडवरची २८३ व्हीपीएन ॲप तपासली. १८ टक्के ॲप माहिती सांकेतिक करतच नव्हती. ६६ टक्के ॲप डीएनएस आणि ८४ टक्के ॲप आयपीव्ही६ बोगद्यातून नेत नव्हती. अभ्यास जुना आहे, ॲप बदलली असतील, पण यातल्या प्रत्येक ॲपवर तेव्हाही 'कनेक्टेड' असंच दिसत असणार ना?

मोठं नाव असलं म्हणून निश्चिंत होऊ नका. फेसबुकचं 'ओनाव्हो प्रोटेक्ट' नावाचं फुकट व्हीपीएन होतं. माहिती सुरक्षित ठेवतो अशी जाहिरात, आणि ग्राहक कोणती ॲप किती वापरतात ही माहिती कंपनीच्या धंद्यासाठी. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने याबद्दल मेटाच्या दोन उपकंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

आणि खरं सांगू? तुमच्यापैकी अनेकांना ॲपवालं व्हीपीएन लागतच नाही. कॅफेच्या वायफायची भीती वाटते तर स्वतःच्या मोबाईलचा हॉटस्पॉट वापरा. व्हॉट्सॲपवर आलेली 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल तुम्ही उघडली तर जगातलं सगळ्यात महाग व्हीपीएनसुद्धा तुम्हाला वाचवणार नाही. चोर तुमच्या बोगद्याच्या आत, तुमच्या शेजारी बसलेला असेल.

## कायद्याचं दोन शब्दांत

भारतात व्हीपीएन वापरणं सर्वसाधारणपणे बेकायदा नाही, फक्त त्याआडून केलेला गुन्हा हा गुन्हाच. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इनने निर्देश काढले आणि व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षं ठेवायला सांगितली. त्यानंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी भारतातले प्रत्यक्ष सर्व्हर काढले. त्यामुळे यादीत 'इंडिया' असं लिहिलेला सर्व्हर प्रत्यक्षात सिंगापूरसारख्या दुसऱ्या देशात असू शकतो. वेग कमी का, याचं उत्तर कधीकधी इथे असतं.

दुबईला माल विकायला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथे व्हीपीएनच्या आडून गुन्हा केल्यास किंवा लपवल्यास ५ लाख ते २० लाख दिरहमपर्यंत दंड आहे. जाण्याआधी तिथले नियम वाचा.

आणि ग्राहकांची नावं, मोबाईल नंबर, पत्ते तुमच्या कॉम्प्युटरवर आहेत ना? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ही कमाल मर्यादा आहे, तुमच्या दुकानाला एवढा दंड होईल असं नाही. पण "मला माहीत नव्हतं" हे उत्तर यापुढे चालणार नाही, हे नक्की.

## महिन्यातून एकदा, पंधरा मिनिटं

एक साधी वही घ्या. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पाच ओळी लिहा.

- व्हीपीएन बंद ठेवून, मोबाईल डेटावरून ऑफिसचं दार ढकललं. उघडलं नाही. ✔
- व्हीपीएन चालू करून टॅली उघडली. ✔
- कोणाकोणाची लॉगिन चालू आहेत, यादी वाचली. गेलेल्या माणसाचं लॉगिन चालत नाही. ✔
- ॲपवालं असेल तर चारही तपासण्या केल्या. ✔
- राउटर आणि व्हीपीएनचं सॉफ्टवेअर अपडेट आहे. टॅलीचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून ठेवली. ✔

कॉम्प्युटरवाला भाऊ काम करून गेला की त्याला चहा पाजा, पैसे द्या, पण त्याच्या समोर पहिली ओळ करून बघितल्याशिवाय जाऊ देऊ नका. "झालं सर, आता टेन्शन नाही" असं तो म्हणेल. तुम्ही म्हणा, "थांब रे, व्हीपीएन बंद करून एकदा बघू."

उघडं दार सापडलं तर ते आजच बंद करून घ्या, उद्यावर ढकलू नका. आणि घोटाळा होऊन पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

आज दुकान बंद करताना कुलूप ओढाल तेव्हा मोबाईलवर हेही एकदा करून बघा. काय सापडलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या व्हिडिओत.